माहेर नसलेला तक्रारदार

मोडकळीला आलेले संसार सांधायची नोकरी मी जुन्नरमध्ये बरीच वर्षं केली. सांधले किती आणि माझ्या हातून आणखी विस्कटले किती, हे विचारू नका. दिवाळी अंकाची पानं मर्यादित असतात. माझी बायको म्हणते, तुम्हाला साधा प्लग बसवता येत नाही, लोकांची घरं कसली बसवता? तरीही लोक येत होते, कारण तालुक्यात दुसरं दुकान नव्हतं.

आमचं सल्ला केंद्र जुन्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत माडीवर होतं. खाली रफीकभाईंचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान. वर नवरा-बायको रडत असायचे आणि खाली हातोडा चाललेला असायचा, त्यामुळे आमच्याकडचं बरंचसं समुपदेशन ओरडून व्हायचं. दारावर पाटी होती, ‘महिला व कुटुंब सल्ला केंद्र’. पेंटरने ‘महिला’ एवढं मोठं काढलं की ‘कुटुंब’ला जागा कमी पडली. काम मात्र पाटीबरहुकूमच चालायचं. आम्ही दोघं कामाला: शैलाताई, ज्या खरोखर समाजकार्य शिकून आल्या होत्या, आणि मी, जो आधी शिकवणीचे वर्ग चालवत होतो आणि ते बंद पडले म्हणून इकडे आलो होतो. म्हणून मी मास्तर.

कामाची रीत सोपी होती. बाई यायची, बहुतेक वेळा भावाबरोबर. आम्ही तिचं ऐकून घ्यायचो, मग समोरच्यांना बोलावणं धाडायचो. पुढच्या बाजाराच्या दिवशी दोन्हीकडची मंडळी जिपा भरून यायची. चार तास एकमेकांची उणीदुणी निघायची, चहा व्हायचा, आणि जमलं तर काहीतरी ठरायचं.

आता अडचण ही, की बोलावणं टपालाने पाठवलं तर नवरे म्हणायचे, मिळालंच नाही. म्हणून मी एक युक्ती काढली. गावोगावच्या दूध डेअरीत तोवर फोन आले होते. डेअरीच्या सेक्रेटरीला फोन करून निरोप द्यायचा, आणि त्याने तो संध्याकाळच्या दुधाला, रांगेत सगळं गाव उभं असताना, मोठ्याने वाचायचा. नंतर मिळालंच नाही म्हणायची सोय उरत नसे. सासरची माणसं पुढच्या बाजाराला इस्त्रीचे कपडे घालून हजर. या युक्तीचा मला एवढा अभिमान होता, की पुण्याच्या एका बैठकीत मी तिच्यावर भाषण ठोकलं होतं. टाळ्याही पडल्या.

त्या वर्षी दिवाळीच्या महिनाभर आधी एक माणूस जिना चढून आला. उंचापुरा, पस्तिशीतला, उन्हाचा ताव असूनही पूर्ण बाह्यांचा शर्ट, उजव्या हाताला फडकं बांधलेलं. दारालगतच्या खुर्चीत अर्धवट बसला. शैलाताई पंचायत समितीत मीटिंगला गेल्या होत्या. त्या दिवशी एका मारकुट्या नवऱ्याला आम्ही बोलावलं होतं. मी फडक्याकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं आणि सुरू झालो.

“हाताला लागलं वाटतं? मारताना लागलं का? लाज नाही वाटली? ती तुझ्या घरात भाकरी थापते आणि तू...”

मी चांगला पाऊण तास बोललो. स्त्रीजातीचा सन्मान, पोलीस कोठडी, सगळं आलं. तो मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं, आज आपण एक माणूस सुधारला.

शेवटी मी पाणी प्यायला थांबलो, तेव्हा तो म्हणाला, “सायेब, मारणारा मी न्हाई. मलाच मारत्यात.”

“कोण?”

“बायकू.”

आणि मी हसलो. ते लपवून उपयोग नाही. मोठ्याने नाही, पण नाकातून हवा गेली. त्याने ती ऐकली आणि उठायला लागला. मी त्याला बाही धरून बसवलं, तर तो कळवळला. बाहीखाली भाजलेलं होतं.

त्याचं नाव दत्तू. मूळचा जुन्नरच्या पश्चिमेकडचा, डोंगरातला. पारगावजवळच्या एका गावात घरजावई होता. सासरा आबा मोठा बागायतदार, मुलगा नाही, एकच मुलगी, सुनंदा. लग्न ठरताना आबांनी दत्तूच्या वडलांना सांगितलं होतं, पोरगा आमाला द्या, आमी सांभाळतो. सांभाळत होते ते असं: उसाला पाणी दत्तू देणार, गुरं दत्तू बघणार, सगळ्यांची पंगत उठल्यावर दत्तू जेवणार. भाजी खारट झाली, मोटर जळली, पाऊस लांबला, कशाचाही राग निघायचा तो दत्तूवर. आधी शिव्या, मग चप्पल, मग हातात येईल ते. रात्री तो नको म्हणाला तरी त्याचं चालायचं नाही, आणि त्याला जमलं नाही की सकाळी आबांच्या समोर ‘हा बाप्या हाय का?’ म्हणून चर्चा व्हायची. हे शेवटचं सांगताना तो माझ्याकडे न बघता खालच्या पेट्यांच्या आवाजाकडे कान लावून बसला होता.

“कुणाला सांगितलंस का?”

“भावाला सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या अंगात काय भुसा हाय का?”

“मग निघून का येत नाहीस?”

“राणी हाय ना. लेक माझी. पयलीला हाय. म्हणत्यात, तू जा, पोरगी परत दिसायची न्हाई.” मग त्याने मला एक प्रश्न विचारला. “सायेब, माझं काय चुकतंय तेवढं सांगा. मी सुधरतो.”

मला गलबलून आलं. आणि गलबलून आलं की मी हमखास काहीतरी करून बसतो. “काळजी करू नकोस. बोलावतो त्यांना पुढच्या बाजाराला.” तो म्हणाला, “तुमी म्हणाल तसं.” सासऱ्याने त्याला पंपाची जळलेली मोटर भरून आणायला पाठवलं होतं, ती झाली असेल म्हणून तो उठला, मोटर खांद्यावर टाकून एसटीकडे गेला. मी कोपऱ्यावरच्या बूथवरून त्यांच्या गावच्या डेअरीला फोन लावला. सेक्रेटरी सकाळचा हिशेब आवरून कुलूपच लावत होता. निरोप लिहून घेतला आणि म्हणाला, “निर्धास्त ऱ्हावा, आजच्याच धारेला वाचतो.”

दुपारी उशिरा शैलाताई आल्या. मी फुशारकीने सगळं सांगितलं. त्यांनी पर्स खाली ठेवली नाही.

“निरोप कुठं दिलात?”

“डेअरीत. नेहमीसारखा.”

“आणि दत्तू आत्ता कुठं गेला?”

“घरी.”

“कुणाच्या घरी, मास्तर?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे येणारी बाई माहेरी आलेली असायची. निरोप सासरच्या गावी वाचला जायचा, तेव्हा ती दुसऱ्या गावात आईच्या पदराआड असायची. आमची सगळी रीत त्या एका गोष्टीवर उभी होती आणि मला ती कधी दिसलीच नव्हती. दत्तूला माहेर नव्हतं. तो मोटर खांद्यावर घेऊन त्याच घरात परतत होता, संध्याकाळी त्याच डेअरीत दूध घालायला त्याच रांगेत उभा राहणार होता, आणि गावासमोर त्याचं नाव वाचलं जाणार होतं. त्यानंतर तो घरी जाणार होता.

मी बूथवर धावलो. डेअरीत घंटा वाजत राहिली. ऑफिस संध्याकाळपर्यंत बंद.

“स्कूटर!” मी रफीकभाईंच्या दुकानात घुसलो. “पारगावकडे जायचंय, धार काढून व्हायच्या आत.”

“कोण मेलंय?”

“अजून नाही.”

त्यांनी हातोडा टाकला. नारायणगावपर्यंत मी मागे बसून सगळं सांगितलं. त्यांना हसू आवरेना. “मास्तर, बायको मारती म्हणून एवढी घाई? माझी बेगम मला रोज सोलती, माझ्यासाठी कुणी स्कूटर काढली नाही!” एरवी मीही हसलो असतो. त्यांनी आरशातून माझं तोंड पाहिलं आणि वेग वाढवला. नारायणगावात टोमॅटोच्या पिकअप गाड्यांनी रस्ता गच्च भरलेला. ऊन पिवळं व्हायला लागलेलं. रफीकभाईंनी स्कूटर क्रेटच्या थप्प्यांमधून काढली, एका ड्रायव्हरने आमच्या आया-बहिणींचा उद्धार केला, आणि आम्ही हायवेला लागलो. मंचरपासून पुढे मी प्रत्येक गावात डेअरीकडे निघालेल्या सायकलींवरचे कॅन बघत होतो. भरलेले जात होते. मग काही रिकामे परतताना दिसायला लागले.

पोचलो तेव्हा डेअरीसमोर रांग होती. सेक्रेटरी ओट्यावर उभा, नाकावर चष्मा, हातात कागदाचा चिटोरा. रांगेत मधोमध दत्तू, दोन्ही हातांत कॅन. त्याने मला पाहिलं आणि त्याचं तोंड राखेसारखं झालं.

“ऐका रं,” सेक्रेटरी वाचत होता, “जुन्नरच्या सल्ला केंद्राचा फोन व्हता. नवऱ्याला घरात मारझोड व्हती म्हनून तक्रार आलीया...”

“नवऱ्याला?” रांगेतून कोणीतरी ओरडलं. “आन्ना, चष्मा पूस! बायकूला आसंल!”

“नवऱ्यालाच लिवलंय मी.”

“कोन हाय त्यो वाघ? नाव वाच की!”

खिंकाळल्यासारखं हसू सुटलं. कॅनची झाकणं वाजली. सेक्रेटरीने चिटोरा डोळ्यांजवळ नेला. मी गर्दीत घुसलो आणि काय करतोय हे कळायच्या आत ओरडलो, “माझं! माझं नाव आहे!”

सगळे वळले.

“मी त्याच केंद्रातला. तक्रार माझी आहे. माझी बायको मला मारते. फोनवर गडबड झाली.”

आणि मग जो हशा फुटला तो मी जन्मात विसरणार नाही. मी पोट सुटलेला, टक्कल पडायला लागलेला माणूस, धुळीने पांढरा झालेला. माझ्याहून चांगलं गिऱ्हाईक त्यांना मिळणार नव्हतं.

“लाटण्यानं का पोळपाटानं, पावणं?”

“आरं, सल्ला देणाऱ्यालाच मार पडतोय, मग आपलं काय खरं हाय!”

“वयनीला आमच्या गावात पाठवा राव, हितं बी दोघातिघांना गरज हाय!”

मी हसऱ्या तोंडाने उभा राहिलो. लोकांना हसवणं हा माझा धंद्याबाहेरचा धंदा आहे. भरल्या पंगतीत स्वतःची फजिती सांगून मी वाहवा घेतलेली आहे. पण हे हसू वेगळं होतं. ते अंगावर येत होतं, कपडे काढत होतं. माझ्या बायकोने मला आयुष्यात कधी टपलीही मारलेली नाही. ते खोटं होतं तरी मला कुणाकडे बघवत नव्हतं.

सेक्रेटरीने माझ्याकडे पाहिलं. चिटोऱ्याकडे पाहिलं. मग रांगेकडे, नेमकं मधोमध. त्याने चिटोरा घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला आणि डबी खिशात टाकली. “व्हय,” तो म्हणाला, “फोनमधी खरखर लई व्हती. चला, कॅन फुडं घ्या.” हा माणूस नंतर मला कितीदा तरी भेटला. त्या कागदाविषयी आम्ही एकदाही बोललो नाही.

ओट्याच्या कडेला एक धोतरवाले गृहस्थ बसले होते. ते एकटेच हसत नव्हते. “बायकूचा मार खायाचा, आन वर गावभर सांगायाचं,” ते म्हणाले. “आमच्या घरातला आसता तर त्वांड उघडायची त्येची इच्छा ठिवली नसती.” बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. “दत्तू, कॅन धून घे.” तेव्हा मला कळलं, हे आबा.

दत्तू नळावर आला. आमची स्कूटर तिथेच होती. माझ्याकडे पाठ करून तो कॅन विसळायला लागला.

“लई हसले, न्हाई?” तो पुटपुटला.

“हो.”

“म्हनून मी सांगत नव्हतो.”

“दत्तू, परत ये. या वेळी ताईंशी बोल. निरोप जाणार नाही, कुणाला कळणार नाही.”

त्याने नळ बंद केला. कॅन उचलून गेला. परतताना रफीकभाईंनी मंचरला पेट्रोल भरलं. मग म्हणाले, “मास्तर, माझी बेगम सोलत नाही हां. उगाच म्हणतो मी.” “माहीत आहे,” मी म्हटलं. “नाही, सांगून ठेवलं,” ते म्हणाले.

माझी कीर्ती मात्र माझ्याआधी जुन्नरला पोचली. आठवड्याच्या आत माझ्या बायकोला तिच्या मावसभावाने विचारलं, काय गं, तू भावजींना मारतेस? ती मला म्हणाली, “त्या माणसाचं नाव चव्हाट्यावर यायचं वाचलं का?” मी म्हटलं, वाचलं. “मग मारते असं समजू दे लोकांना.” आणि भाजी चिरायला लागली.

त्या दिवसांत मी जे शिकलो ते आधीच शिकायला हवं होतं. पुरुष सरळ येत नाही. तो मित्राची गोष्ट म्हणून विचारतो, विनोद करून विचारतो, दाराजवळ बसतो आणि निघता निघता उंबऱ्यात उभा राहून खरं बोलतो. ऊसतोडीच्या टोळीतला एक तरणाबांड गडी तीन वेळा ‘झोप लागत न्हाई’ एवढंच सांगायला आला. चौथ्यांदा शैलाताईंनी त्याला फक्त एवढं विचारलं, “कुणी जबरदस्ती केली का तुझ्यावर?” आणि तो मुकादमाविषयी बोलला, भिंतीकडे तोंड करून. मी असतो तर त्याला झोपेच्या गोळ्या सुचवल्या असत्या. ताई कोणाला ‘तू प्रतिकार का केला नाहीस’ असं विचारत नसत. आधी ‘माझा विश्वास आहे’ म्हणायचं, मग ‘आज घरी गेल्यावर काय होईल’ हे विचारायचं, आणि तो हो म्हणेपर्यंत कोणालाही काही कळवायचं नाही. एवढंच.

दत्तू दिवाळीच्या बाजाराला आला. मला बघून बिचकला, ताईंसमोर बसला. त्यांनी त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन जखमा दाखवल्या, लिहून घेतल्या. मग विचारलं, “बहीण आहे का?”

होती. हिरा, वारूळवाडीत दिलेली. नवरा नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हमाली करायचा.

“भाऊबिजेला जातोस?”

“आबा एका दिसासाठी सोडत्यात. लोक नावं ठिवतील म्हनून.”

“राणीला आत्याकडे नेशील?”

त्याने ताईंकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. भाऊबिजेला भावाला आणि आत्याकडे निघालेल्या पोरीला अडवणारा सासरा आमच्या भागात सापडायचा नाही.

तो आला. राणीच्या हातात फुलबाज्या आणि अंगात नवा फ्रॉक, एवढंच सामान. हिराने भावाला पाटावर बसवलं, तेल लावायला शर्ट काढायला सांगितलं. तो नको म्हणाला, तिने काढलाच. मी आणि ताई पडवीत होतो. तिचा हात त्याच्या पाठीवर थांबलेला मला दिसला.  जखमा टाळून टाळून, थेंब थेंब तेल लावत राहिली. मग आत जाऊन नवऱ्याला म्हणाली, “दत्तू आता हितंच ऱ्हाईल.”

दोन दिवसांनी जीप आली. आम्हाला अंदाज होता, म्हणून आम्हीही तिथे होतो, आणि ताईंनी नारायणगावच्या हवालदाराला सांगून ठेवलं होतं, पण तो अजून चहा पीत असावा. आबा उतरले, बरोबर चारजण. सुनंदा मागच्या सीटवर बसून राहिली. तिचीही एक बाजू होती. ती आम्ही पुढे वर्षभर ऐकली. त्या दिवशी ती फक्त म्हणाली, “राणी, चल.” राणी आत्याच्या मागे गेली. आजूबाजूची माणसं अंगणात जमायला लागली.

“जावाई दोन दिस झालं आला न्हाई,” आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “म्हनं, त्येला आमच्याकडं मार हाय, आसं त्येची बहीन सांगत सुटलीया. एवढा दांडगा गडी! कोन मारनार त्येला? दत्तू, भाईर ये. सांग ह्या पंचांदेखत, कुनी मारलं तुला?”

डाव पक्का होता. नाव घेतलं तर गाव हसणार, नाही घेतलं तर तक्रार खोटी. दत्तू दारात आला. चौकट धरून उभा राहिला. मला राहवेना. मी पुढे झालो, “आबा, मी सांगतो...”

“मास्तर,” ताई हळूच म्हणाल्या, “तुम्ही नाही.”

मी गप्प बसलो. ते माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होतं. अंगणात वीस-पंचवीस पुरुष उभे होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. डेअरीतलं हसू कुठल्या तोंडातून फुटेल, ते शोधत होतो.

“सुनंदानं,” दत्तू म्हणाला. “उलथनं तापवून. तुमी टीव्ही बघत व्हता, आबा. मी वरडलो तसा तुमी आवाज वाढवला.”

कोणी हसलं नाही. एक म्हातारा खाकरला आणि तोही मध्येच थांबला. आबांच्या बरोबरच्या चौघांपैकी एकाने टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि जाऊन जीपमध्ये बसला. मग दुसरा गेला. आबा कोर्टाचं, पोलिसांचं काहीबाही बोलले, पण ते आता एकटेच बोलत होते.

ते बसले, ड्रायव्हरने किल्ली फिरवली, आणि जीप सुरू होईना. पुन्हा फिरवली. नुसती घरघर. आत आबा ताठ बसलेले, समोर बघत. अंगणात कोणी हलेना. आणि दत्तू पायरी उतरला. बाह्या सारल्या, जीपच्या मागे जाऊन हात लावला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांची सवय होती.

“दत्तू,” हिरा दारातून म्हणाली, “तू खाली बस.”

त्याने हात मागे घेतला. जीपकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि पायरीवर येऊन बसला.

मग मी ढकलली.